बीएमसी बिल्डिंग नीट बघायची असेल तर

सीएसएमटीच्या बाहेर आलं की सगळ्यांचे मोबाईल मागे स्टेशनकडे वळतात आणि समोर तेवढीच भारी बिल्डिंग उभी आहे तिच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही, कारण काय तर ते मुन्शिपाल्टीचं ऑफिस, तिथे काय बघायचं. मला विचाराल तर स्टेशनपेक्षा ही बिल्डिंग जास्त डोकं लावून बांधलीये, फक्त ती बघायला थोडं फिरावं लागतं. कसं फिरायचं ते सांगतो.

शक्यतो रविवारी सकाळी जा. आठवड्यात गेलात तर फुटपाथवर घड्याळ बघत धावणारी पब्लिक असते, मधेच थांबून मान वर केलीत की मागून धक्का बसलाच समजा. रस्ता वरून क्रॉस करायच्या भानगडीत पडू नका, सबवेने या. पालिकेच्या कोपऱ्यावर तो सेल्फी पॉइंट केलाय ना, तिथे लोक स्टेशनचा फोटो काढायला चढतात. तिथेच उभं राहून तुम्ही उलटं वळायचं, म्हणजे स्टेशनकडे पाठ.

आता आधी जागा समजून घ्या, मग बाकीचं आपोआप कळतं. डीएन रोड आणि महापालिका मार्ग हे दोन रस्ते या चौकात येऊन मिळतात, त्यामुळे मधला प्लॉट भाकरीच्या चतकोरासारखा झालाय, टोक चौकाकडे. असल्या अडनिड्या प्लॉटवर कोणीही दोन रस्त्यांना दोन भिंती घालून टोकाला एक बारका दरवाजा दिला असता आणि विषय संपवला असता. आर्किटेक्ट फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने काय केलं, नेमकं त्या टोकालाच सगळ्यात उंच भाग उभा केला, सुमारे २३५ फूट, वर घुमट, आणि दोन्ही विंग त्याच्या मागे दोन रस्त्यांना धरून लांब नेल्या. त्यामुळे चौकात कुठूनही आलात तरी बिल्डिंग तुमच्याकडेच तोंड करून उभी आहे असं वाटतं. हाच स्टीव्हन्स समोरच्या स्टेशनचा पण आर्किटेक्ट बरं का. म्हणजे रेल्वेचं आणि शहराचं अशी दोन्ही मोठी ऑफिसं एकाच माणसाने समोरासमोर बांधली, दुसरी बांधताना पहिली रोज डोळ्यासमोर होतीच.

इथेच उभं राहून नजर घुमटावरून हळूहळू खाली आणा. घुमटाच्या खाली, समोरच्या त्रिकोणी भागाच्या टोकावर एक पंखवाली मूर्ती दिसेल. ती म्हणजे मुंबई नगरी, हिंदुस्थानातलं पहिलं शहर या थाटात उभी केलेली. साध्या डोळ्याला नीट दिसत नाही, मोबाईलचा झूम लावा किंवा छोटी दुर्बीण घेऊन जा, खरंच सांगतो, दुर्बीण न्याच. मग कोपऱ्यांवरचे छोटे घुमट बघा. खालच्या टोकदार कमानी बघितल्या तर एकदम युरोपातल्या गॉथिक चर्चसारखं वाटतं आणि वर बघावं तर कांद्याच्या आकाराचे आपल्याकडचे घुमट. हे मिश्रण वाचायला विचित्र वाटतं पण समोर उभं राहिलं की अजिबात खटकत नाही, निदान मला तरी नाही.

खाली पुतळा आहे तो सर फिरोजशहा मेहतांचा, १९२३ मध्ये बसवलेला. बहुतेक जण त्याच्याकडे पाठ करून फोटो काढतात. मुंबई महापालिकेचा कारभार ज्या १८८८ च्या कायद्यावर अजून चालतो त्याच्यामागे या माणसाचं डोकं होतं, तेव्हा दोन मिनिटं द्या.

थोडा इतिहास, पटकन. पालिकेचं ऑफिस आधी गिरगावात एका साध्या इमारतीत होतं, १८७० मध्ये ते काळा घोड्याकडे हललं, जिथे आता आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग आहे तिथे. मग स्वतःची मोठी वास्तू हवी असं ठरलं आणि ९ डिसेंबर १८८४ ला व्हाइसरॉय लॉर्ड रिपनच्या हस्ते पायाभरणी झाली. पुढे डिझाइन कोणाचं घ्यायचं यावर घोळ, मद्रासचा नामांकित आर्किटेक्ट चिशोम पण शर्यतीत होता, शेवटी काम गेलं स्टीव्हन्सकडे. प्रत्यक्ष बांधकाम सुरू झालं १८८९ ला आणि १८९३ ला पूर्ण. म्हणजे नारळ फुटल्यावर चार वर्षांहून जास्त काळ काही नाही, ही परंपरा जुनीच दिसते. पण पुढचं ऐका, मंजूर खर्च होता ११,८८,०८२ रुपये आणि प्रत्यक्ष लागले ११,१९,९६९. मुन्शिपाल्टीचं काम एस्टिमेटपेक्षा कमी पैशात! हे सांगितलं की लोक आधी माझ्याकडे संशयाने बघतात.

आता चालायला लागा. आधी महापालिका मार्गाने मेट्रो सिनेमाच्या दिशेने जा, पण आझाद मैदानाच्या बाजूच्या फुटपाथवरून, कारण बिल्डिंगला चिकटून चाललात तर फक्त भिंत दिसणार. इथून लांबच्या लांब विंग दिसते, कमानींची रांग, खिडक्या, गॅलऱ्या. मग परत फिरून डीएन रोडची बाजू. फोटोसाठी एवढं लक्षात ठेवा की सकाळी डीएन रोडच्या बाजूवर ऊन येतं आणि दुपारनंतर महापालिका मार्गाच्या. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीच्या आसपास रात्री गेलात तर तिरंगी लायटिंग असते, गर्दी पण तशीच असते.

आतून बघायचं असेल तर मात्र असं उठून जाता येत नाही, ते चालू ऑफिस आहे, गेटवर काम विचारतात. २०२१ मध्ये पालिका आणि एमटीडीसीने, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाने, वीकेंडला गाईड घेऊन हेरिटेज टूर सुरू केल्या होत्या, तेव्हा निघायच्या आधी सध्याचं बुकिंग, वार आणि फी ऑनलाइन बघून घ्या, आयडी जवळ ठेवा. आत गेलात तर दोन गोष्टी सोडू नका. एक घुमटाखालचा मोठा जिना, तिथे मधोमध उभं राहून सरळ वर बघायचं. आणि दुसरं सभागृह, ६५ फूट लांब, ३२ फूट रुंद आणि ३८ फूट उंच. आकडे वाचून काही वाटत नाही, पण रुंदीपेक्षा उंची जास्त हे आत गेल्यावर जाणवतं. टीव्हीवर नगरसेवकांचा गोंधळ बघितला असेल तो इथलाच.

बाहेर आलात की भूक लागलेली असणार, समोर आरामचा वडापाव आहे. पायात दम असेल तर पुढे काळा घोड्याला जुन्या ऑफिसची जागा बघत चर्चगेटला जा, स्टेशनसमोरचं पश्चिम रेल्वेचं हेडऑफिस, ते पण स्टीव्हन्सचंच, १८९९ चं, त्याच्याही माथ्यावर एक मूर्ती आहे आणि तिच्या हातात चक्क रेल्वे इंजिन आहे. दुर्बीण आणली असेल तर इथे परत कामाला येईल.