कोरस लावला आणि बेस गेला: पेडल घेताना या चुका टाळा

दुकानात बेस गिटारला लावायचं कोरस पेडल, म्हणजे पायाने चालू-बंद करायचा इफेक्टचा डबा, सगळ्यांनाच आवडतं. दोन सूर वाजवले की बेस एकदम रुंद होतो, जरा ओला झाल्यासारखा वाटतो आणि हात खिशाकडे जातो. मग तेच पेडल गावच्या मंडपात, ड्रम आणि ऑक्टोपॅडच्या शेजारी चालू होतं आणि मिक्सरवरचा साउंडवाला मान वर करून विचारतो, "रे, बेस खंय गेलो?" कुडाळ असो नाहीतर चिपळूण, तक्रार हीच. पेडल बहुतेक वेळा बिघडलेलं नसतं. घेताना वरची चमक ऐकलेली असते, खालचा दणका शाबूत आहे का हे ऐकायचं राहून गेलेलं असतं.

बेस जातो कुठे?

कोरस पेडल तुमच्या आवाजाची एक प्रत काढतं, ती काही मिलिसेकंद उशिरा सोडतं आणि हा उशीर सतत थोडा कमी-जास्त करत राहतं. उशीर बदलत असताना प्रतीचा सूर किंचित चढतो, किंचित उतरतो. मूळ आवाज आणि ही डुलणारी प्रत एकत्र आली की दोघेजण एकच ओळ वाजवताहेत असा भास होतो. बॉस या कंपनीचं सीई-१ हे पेडल १९७६ साली आलं, ते रोलँडच्या जेसी-१२० अँपमधल्या कोरसवरून. पुढे निघालेल्या बहुतेक कोरस पेडलांच्या डोळ्यासमोर गिटारवाला होता. बेसवाल्याचा विचार नंतर झाला.

आता बेसची अडचण. मोकळी ई तार साधारण ४१ हर्ट्झवर वाजते, म्हणजे तिच्या एका कंपनाला जवळजवळ २४ मिलिसेकंद लागतात. प्रत बरोबर १२ मिलिसेकंद उशिरा आली तर मूळ लहर वर जाते तेव्हा प्रतीची खाली येते. दोन्ही सारख्याच जोराच्या असतील तर तो मूळ सूर पुसला जातो. उशीर सरकत ९ मिलिसेकंदांवर आला की तीच गत ए तारेची, कारण ती ५५ हर्ट्झची. कोरसचा उशीर फिरतो तो नेमका याच टापूत. म्हणून एक सूर दणकन येतो, पुढचा पोकळ वाटतो, आणि ई धरून ठेवला तर आवाज फुगतो नि बसतो. गिटारलाही हे होतंच, पण गिटारच्या तळाच्या आवाजावर अख्ख्या बँडचा तोल उभा नसतो.

एवढं लक्षात आलं की पुढच्या बहुतेक चुका आपोआप दिसायला लागतात.

मोबाइलवर डेमो ऐकून ऑर्डर देणे

ही सगळ्यात मोठी आणि सगळ्यात सोपी चूक. मोबाइलच्या स्पीकरमधून ४१ किंवा ५५ हर्ट्झ येतच नाही. तिथे तुम्ही बेसचे हार्मोनिक्स, म्हणजे मूळ सुराबरोबर उमटणारे वरचे सूर, ऐकत असता आणि कोरस शोभतो तो तिथेच. जे नाहीसं होणार आहे ते मोबाइलवर पेडल बंद असतानाही ऐकू येत नव्हतं, मग गेलेलं कळणार कसं? निदान कान झाकणारा बरा हेडफोन लावा. आणि डेमोवाला कुठे वाजवतोय ते बघा. बाराव्या फ्रेटच्या वर, दोन-दोन तारा एकत्र छेडत असेल तर तुमच्या लग्नातल्या नाहीतर हळदीतल्या गाण्यांशी त्याचा काही संबंध नाही.

न्यू ऑर्डर या ब्रिटिश बँडचा पूर्वीचा बेसवादक पीटर हुक कोरसवाल्या बेससाठी ओळखला जातो. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचं क्लोन थिअरी हे त्याचं पेडल. पण तो माणूस बेसवर चाली वाजवतो, वरच्या तारांवर. ते ऐकून भारावून जायचं आणि स्वतः रात्रभर ई नि ए तारेवर ठेका धरायचा, हे जमणारं नाही.

मिक्स किंवा क्रॉसओव्हर आहे का, हे न बघणे

बेससाठी कोरस निवडताना मी आधी नॉब मोजत नाही, एकच गोष्ट शोधतो: खालचा आवाज कोरसपासून वेगळा ठेवायची सोय आहे का? ती वेगवेगळ्या नावांनी मिळते. बॉसच्या सीईबी-३ वर लो फिल्टर नावाचा नॉब आहे. कोरस किती खालपर्यंत लागू करायचा ते त्यावर ठरतं. एमएक्सआरच्या एम८३ बेस कोरस डिलक्सवर क्रॉसओव्हरचं बटण आहे, ते दाबलं की १०० हर्ट्झच्या खालचा भाग कोरसमधून वगळला जातो. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सच्या बेस क्लोनवरही क्रॉसओव्हरची कळ आहे.

१०० हर्ट्झ हा आकडा सोयीचा आहे. चार तारांच्या बेसची सगळ्यात बारीक तार, म्हणजे ‘जी’ (G), मोकळी वाजवली तर ९८ हर्ट्झ देते. म्हणजे चारही मोकळ्या तारांचे मूळ सूर या रेषेच्या खाली राहतात आणि कोरस फक्त त्यांच्या वरच्या झळाळीला लागतो. पाच तारांचा बेस असेल तर हे आणखी महत्त्वाचं, कारण बी तार ३१ हर्ट्झपर्यंत उतरते.

क्रॉसओव्हर नसेल तर निदान मिक्स, ब्लेंड किंवा इफेक्ट लेव्हल असा एखादा नॉब हवा. प्रतीचा आवाज मूळ आवाजापेक्षा बराच लहान ठेवला की आवाज कमी-जास्त होईल, पण पुसला जाणार नाही. दोन्ही नसलेलं, फक्त रेट (प्रत किती वेगाने डुलते) आणि डेप्थ (किती डुलते) एवढेच नॉब असलेलं गिटारचं पेडल बेसला चालतच नाही असं नाही. हळुवार गाण्यात, वरच्या फ्रेटवर, छान चालतं. पण तेवढ्यासाठीच घेताय हे घेतानाच माहीत असावं.

आणि ज्यांच्याकडे आधीच बेसचा मल्टी-इफेक्ट प्रोसेसर आहे त्यांनी दुकानाची पायरी चढण्याआधी त्यातला कोरस उघडून बघावा. बऱ्याच प्रोसेसरांत मिक्स असतो, काहींत खालचा आवाज कापणारा लो कटही असतो. बेसवर कोरस लागतो तो रात्रीतून दोन-तीन गाण्यांना. तेवढ्यासाठी वेगळं पेडल घ्यायलाच हवं असं नाही.

दुकानात एकट्याने, गिटारच्या अँपवर तपासणे

कोकणातून पेडल घ्यायचं म्हणजे बहुतेकांना मुंबईला धोबीतलावच्या बाजूला नाहीतर खाली गोव्यात जावं लागतं. रात्रभर कोकणकन्येत बसून गेलेला माणूस रिकाम्या हाताने परतायला तयार नसतो, आणि म्हणून तपासणी पाच मिनिटांत उरकते. स्वतःचा बेस बरोबर न्या. दुकानातला बेस आणि तुमचा बेस यांच्या आउटपुटमध्ये बराच फरक असू शकतो. तुमचा अ‍ॅक्टिव्ह (आत सेलवर चालणारं सर्किट असलेला) असेल तर जोरात छेडल्यावर पेडल फाटतंय का ते तिथेच कळतं. अँप बेसचाच मागा. छोट्या गिटार अँपवर खालचा आवाज नसतोच.

मग असं करा. रेट अगदी कमी ठेवा, डेप्थ आणि मिक्स पूर्ण वाढवा. मोकळी ई एकदाच छेडा आणि विझेपर्यंत ऐका. आवाज लाटेने खाली-वर होताना दिसेल, तो किती खोल बसतो ते बघा. आता क्रॉसओव्हर चालू करा किंवा मिक्स अर्ध्याच्या खाली आणा आणि तीच तार पुन्हा छेडा. खालचा दणका स्थिर झाला, वरची हालचाल राहिली, तर पेडल कामाचं. यानंतर मोबाइलमधला एखादा साधा ड्रमचा ट्रॅक दुकानातल्या स्पीकरवर लावून त्यावर तुमचा नेहमीचा ठेका वाजवा आणि मध्येच पेडल चालू-बंद करा. चालू केल्यावर एकूण आवाज पडतोय असं वाटलं तर लेव्हल वाढवायची सोय आहे का ते तपासा. एकट्याने ऐकताना जो कोरस जेमतेम जाणवतो, तो बँडमध्ये बहुधा नेमका असतो.

डेप्थचा नॉब घड्याळातल्या बाराच्या पुढे नेणे

नमन-खेळ्यांत नाहीतर भजनाला बेस घेऊन बसणारे आता कमी नाहीत. तिथे समोर पेटी असते आणि पेटीचा सूर हलत नाही. डेप्थ वाढवलेला बेस तिच्याजवळ बेसूर वाटतो, वाजवणाऱ्याचं ट्यूनिंग चोख असलं तरी. रेटही वाढवला तर मग सर्दी झालेला गायक. दोन्ही एकदम वाढवू नका. रेट जास्त हवा असेल तर डेप्थ उतरवा.

ऑर्केस्ट्रात आणखी एक गोम असते. कीबोर्डवाल्याच्या स्ट्रिंग्ज आणि पॅडच्या कित्येक आवाजांत कोरस आधीच भरलेला असतो. त्यावर तुमचा कोरस चढला की गाण्याला तळच उरत नाही. अशा गाण्यात पेडलला पाय न लावणं बरं.

स्टिरिओच्या मोहात पडणे

दोन आउटपुटचं पेडल खोलीत ऐकलं तर सुरेखच लागतं. पण आपल्याकडचे बहुतेक मंडप मोनोवर चालतात, म्हणजे सगळ्या स्पीकरांतून एकच आवाज. काही स्टिरिओ कोरसमध्ये दुसऱ्या आउटपुटला प्रत उलट्या फेजने, म्हणजे लहर उलटी करून, सोडलेली असते. दोन्ही वायरी मिक्सरवर मोनोत एकत्र केल्या की प्रती एकमेकींना खातात आणि कोरसच नाहीसा होतो. साउंडवाल्याला एकच वायर द्या, मोनो लिहिलेल्या जॅकमधून.

अ‍ॅडॅप्टर "बसतोय ना, मग चालेल"

बहुतेक पेडलांना ९ व्होल्ट डीसी लागतं, आतली पिन निगेटिव्ह. कीबोर्डच्या कित्येक अ‍ॅडॅप्टरांत ती पॉझिटिव्ह असते आणि व्होल्टेज १२. पिन मात्र तंतोतंत बसते! पेडलवर आणि अ‍ॅडॅप्टरवर छापलेली अधिक-उणेची छोटी आकृती जुळवून बघा. मिलिअँपिअरचा आकडा गरजेपेक्षा जास्त असला तर बिघडत नाही, कमी नको.

कोरस चालू केल्यावर टिकटिक किंवा बारीक शिट्टी येत असेल तर पेडल परत करायला धावू नका. एकाच अ‍ॅडॅप्टरवरून साखळीने चार पेडलं चालवली, त्यात एखादं डिजिटल असलं, की हा त्रास हमखास होतो. कोरसला वेगळा अ‍ॅडॅप्टर किंवा ९ व्होल्टचा सेल लावून बघा. आवाज गेला तर दोष साखळीचा. जनरेटरवरच्या कार्यक्रमात गुणगुण वाढली तर अर्थिंग आणि लाइटचे डिमर आधी तपासायला सांगा, आणि तुमचा बोर्ड लाइटच्या लाइनवर जोडलेला नाही ना ते पाहा. सेलवर चालवत असाल तर वाजवून झाल्यावर इनपुटचा जॅक काढा. बहुतेक पेडलांत जॅक आत असेपर्यंत सेल खर्च होत राहतो, दिवा बंद असला तरी.

अ‍ॅनालॉगच हवं हा हट्ट मला पटत नाही. जुन्या पद्धतीच्या बकेट ब्रिगेड चिपमधून प्रत थोडी मंद, थोडी मऊ होते आणि बेसला ते शोभतं, हे खरं. पण क्रॉसओव्हर असलेलं डिजिटल पेडल क्रॉसओव्हर नसलेल्या अ‍ॅनालॉगपेक्षा मंडपात केव्हाही जास्त कामाला येईल. पेडलांच्या क्रमाबद्दल वाद नको: कंप्रेसर (आवाजाचा चढ-उतार आवरणारं पेडल) आणि ओव्हरड्राइव्ह (आवाज मुद्दाम फाडणारं पेडल) आधी, कोरस त्यांच्यानंतर.

खारं वारं विसरणे

पुण्यातल्या माणसाला हे लिहावं लागणार नाही. मालवण, हर्णै, अलिबाग, किनाऱ्यालगत कुठेही राहत असाल तर पावसाळ्यानंतर पहिल्यांदा पेडल काढल्यावर जी खरखर येते, ती आतल्या सर्किटची असण्याआधी जॅकची आणि नॉबची असते. मिठाच्या दमट हवेने धातूवर थर धरतो. बाहेरून पेडल नवं दिसतं आणि आवाज तुटक येतो. जॅक दहा-बारा वेळा आत-बाहेर करा, नॉब टोकापासून टोकापर्यंत फिरवा. एवढ्याने गेलं नाही तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, तोही सर्व वायरी काढून, आणि पूर्ण वाळू द्या. गंज काढायचं घरगुती तेल आत मारू नका, त्यावर धूळ बसते.

जून ते सप्टेंबर पेडल सेल काढूनच ठेवायचं. सेल फुटून पाणी सुटलं की त्याची क्लिप आधी खाल्ली जाते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. वापरलेलं पेडल घेत असाल तर तळाचं झाकण उघडून दाखवायला सांगा. आत हिरवट डाग दिसले, स्क्रू तांबूस झाले असले, तर किंमत कितीही कमी असो, हात आवरा.

पेडल आधीच घेऊन झालं असेल तर

क्रॉसओव्हर नसलेलं पेडल घरी आलंय आणि विकायचं मन नाही, अशांसाठी एक वाट आहे. बेस आधी डीआय बॉक्समध्ये घाला, म्हणजे बेसचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणाऱ्या छोट्या डब्यात. डीआयचा बॅलन्स्ड आउटपुट मिक्सरच्या एका चॅनलला द्या. हा तुमचा कोरडा, पक्का बेस. डीआयवर थ्रू किंवा लिंक लिहिलेला दुसरा जॅक असतो, तिथून वायर पेडलमध्ये आणि पेडलमधून दुसऱ्या चॅनलला. त्या दुसऱ्या चॅनलवर लो कटचं बटण दाबा. बऱ्याच मिक्सरांवर ते ७५ ते १०० हर्ट्झच्या आसपास कापतं. आधी पहिला चॅनल एकटा उघडून आवाज बसवा, मग दुसरा हळूहळू वर आणा. मंडपातले अठरा इंची सब (खालच्या आवाजाचे स्पीकर) पहिल्या चॅनलवर नेहमीसारखे दणकतील आणि कोरस वरून पसरेल. दुसरा चॅनल उघडल्यावर बेस उलट बारीक झाला, तर त्या चॅनलचं फेजचं बटण दाबून बघा. मिक्सरवर नसेल तर दुसऱ्या वायरीवरही एक डीआय लावा, त्यावर बहुधा सापडेल. साउंडवाल्याला हे सगळं आदल्या दिवशी सांगा. ऐन आरतीच्या आधी दोन चॅनल मागितलेत तर तो एकही देणार नाही.