मोबाईलवर इंटरव्ह्यूची तालीम: ऑटिझम असलेल्या मुलांसाठी आम्ही घरी काय केलं

माझा भाचा २२ वर्षांचा आहे, ऑटिझम आहे, बीकॉम झालाय आणि एक्सेलमध्ये आम्हा सगळ्यांना गुंडाळून ठेवतो. मागच्या वर्षी एका ठिकाणी स्टोअरच्या कामासाठी इंटरव्ह्यूला नेला, रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली "पाच मिनिटं बस", हा बसला, घड्याळात बरोब्बर पाच मिनिटं झाली तसा उठला आणि थेट साहेबांच्या केबिनमध्ये शिरला, आत दुसऱ्याचा इंटरव्ह्यू चालू. नोकरी गेलीच. येताना एसटीत एकच विचारत होता, "आत्या, पाच मिनिटं झाली होती ना?" झाली होती रे बाबा.

इंटरव्ह्यू म्हणजे आपल्याकडचं दशावतारी नाटक, लिहिलेले संवाद नाहीत, समोरचा काय बोलतो त्यावर आपण पुढचं बोलायचं, आणि आपल्या मुलांना नेमकं तेच जड जातं. काम येत असतं हो, काम कोण विचारतो!

अमेरिकेत यासाठी कॉम्प्युटरवरचा सराव आहे. स्क्रीनवर मॉली नावाची एचआर बाई प्रश्न विचारते, तुम्ही बोलून उत्तर द्यायचं, कोपऱ्यात एक कोच उत्तर बरं की वाईट ते खुणेने सांगते, शेवटी मार्क. मॉली आधी गोड असते, मग कामापुरती बोलते, मग खडूस होते. मॅथ्यू स्मिथ नावाच्या संशोधकाच्या टीमने २०१४ मध्ये ऑटिझम असलेल्या २६ मोठ्या मुलामुलींवर हे करून बघितलं, सराव केलेल्यांचे नकली इंटरव्ह्यू बाकीच्यांपेक्षा चांगले झाले. पण ती मॉली इंग्लिश बोलते आणि प्रश्न तिकडचे. म्हणून आम्ही आमची मॉली घरीच केली.

पुतणीला बसवलं आणि मोबाईलवर तिचे १५ छोटे व्हिडिओ काढले, एका व्हिडिओत एकच प्रश्न, प्रश्नानंतर उत्तरापुरती जागा. प्रश्न त्या कामाचेच घ्या, कॅनिंग फॅक्टरीत पेट्या मोजायच्या असतील तर "हिशोब जुळला नाही तर काय करशील?" हे हवं, "पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता" कशाला? या १५ मध्येच प्रत्येक प्रश्न तिने तीन तऱ्हेने विचारला, हसून, घाईत, आणि मान वर न करता कागद बघत. हा तिसरा व्हिडिओ सोडू नका, खरे साहेब असेच असतात. एआयच्या अॅपलाही "तू स्टोअर मॅनेजर आहेस, मराठीत एकेक प्रश्न विचार" असं सांगता येतं पण ते अॅप भलतंच कौतुक करतं आणि पोराला वाटतं झालंच सिलेक्शन. व्हीआर चष्म्याच्या (डोळ्यांवर चढवला की आपण खोट्या खोलीत बसल्यासारखं दिसतं तो) मागे मी तरी लागणार नाही, बऱ्याच जणांना गरगरतं. आणि व्हिडिओ फोनमध्येच सेव्ह करा, पावसात आमच्याकडे लाईट आणि रेंज दोन्ही एकदमच जातात.

रोज २० मिनिटं, तीच वेळ, तीच खुर्ची. व्हिडिओचा फायदा असा की तो कंटाळत नाही, "अरे किती वेळा सांगू" म्हणत नाही, आणि मुलाला पॉज दाबता येतो. पहिल्या दिवशी "स्वतःबद्दल सांगा"ला भाच्याने रक्तगट, वजन आणि मांडवी एक्सप्रेसचं टायमिंग सांगितलं. चूक काय त्याची? प्रश्नच तसा आहे. मग आम्ही कागदावर लिहिलं, याचा अर्थ "शिक्षण काय, कुठलं काम येतं, हे काम का हवं, तीन वाक्यांत". असं प्रत्येक प्रश्नाचं भाषांतर करून द्या. नंतर त्याच्या उत्तराचं रेकॉर्डिंग त्यालाच दाखवा, आधी जमलेलं एक, मग सुधारायचं एकच, चार गोष्टी एकदम सांगितल्या की तो दिवस गेला समजा.

डोळ्यात डोळे घालून बोल म्हणून मागे लागू नका. आम्ही लागलो होतो, तो डोळ्यांकडे बघायचा आणि प्रश्नच ऐकू यायचा नाही. त्यापेक्षा एक वाक्य पाठ करून घ्या: "मला ऑटिझम आहे, प्रश्न समजायला थोडा वेळ लागतो, पण मोजणीत मी चुकत नाही." हे सांगायचं की नाही ते मात्र मुलाने ठरवायचं. सरकारी भरतीला यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढून ठेवा, २०१६ च्या कायद्यात दिव्यांगांसाठी किमान ४ टक्के जागा आहेत, त्यातला १ टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार वगैरे सगळ्यांना मिळून. खाजगी ठिकाणी "प्रश्न आधी लेखी मिळतील का" असा सरळ मेसेज टाका, नाही म्हणाले तर म्हणाले.

आदल्या दिवशी तिथे जाऊन रस्त्याचा व्हिडिओ काढा, एसटी स्टँड, गेट, वॉचमनचं रजिस्टर, बसायचा बाक. भाच्याने तो रात्री सहा वेळा बघितला. आणि हो, आमचा सोळावा व्हिडिओ: पुतणी म्हणते "पाच मिनिटं बस", मग २५ मिनिटं नुसता पंख्याचा आवाज. नाव पुकारेपर्यंत उठायचं नाही, एवढाच सराव.

शेवटचे चार दिवस फोन ठेवून खरी माणसं बसवा, शेजारचे रिटायर्ड बँकवाले काका वगैरे. काकांनी शेवटी "बरं, कळवतो" म्हटलं की "कधीपर्यंत कळवाल?" हे विचारायलाही शिकवा, नाहीतर पोरगं फोन उशाशी घेऊन झोपतं. आमच्याने परवा खऱ्या इंटरव्ह्यूत विचारलं. साहेब म्हणाले सोमवारी. हा म्हणाला, "किती वाजता?"