घर बांधायचंय? आधी कागद जुळवा, मग प्लॅन काढा: कोल्हापुरातल्या परवान्याची तयारी

आमचं शाहूपुरीतलं जुनं कौलारू घर पाडून नवीन बांधायचं ठरलं तेव्हा घरातले सगळे पहिले दोन महिने जिना कुठून घ्यायचा आणि देवघर कुठल्या कोपऱ्यात यावरच बोलत होते, प्लॅन पण काढून झाला, आणि मग तो दाखल करायला गेल्यावर कळलं की जागा अजून आजोबांच्या नावावर आहे आणि प्रॉपर्टी कार्डावरचं क्षेत्र प्लॅनमधल्या क्षेत्राशी जुळत नाही. पूर्ण एक सीझन गेला त्यात. म्हणून ही यादी लिहितोय, ज्या क्रमाने आम्ही करायला पाहिजे होतं त्या क्रमाने.

पहिलं म्हणजे तुमची जागा नेमकी कुणाच्या हद्दीत आहे ते बघा. शहरात असेल तर महापालिकेचा नगररचना विभाग. पण उचगाव, पाचगाव, कळंबा, गांधीनगर, सरनोबतवाडी या बाजूला असाल तर २०१७ साली झालेल्या कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरणात एकूण ४२ गावं आहेत, आणि तिथं परवानगी प्राधिकरणाची लागते. बरेच जण अजून ग्रामपंचायतीच्या कागदावर घर बांधून मोकळे होतात आणि मग बँकेत कर्जाला गेल्यावर मॅनेजर तो कागद परत सरकवतो. घरफाळा भरतोय म्हणजे घर कायदेशीर झालं असंही नसतंय, घरफाळा हा बांधकाम दिसलं की लागतो, त्याचा परवान्याशी संबंध नाही.

मग कागद. शहरात सिटी सर्व्हे झालेला असेल तर प्रॉपर्टी कार्ड, नसेल तर सातबारा. आपल्याकडे जुन्या कागदांवर रि.स.नं. (रिव्हिजन सर्व्हे नंबर) असतो, नवीनवर सि.स.नं. (सिटी सर्व्हे नंबर) आणि वॉर्ड, दोन्ही एकाच जागेचे आहेत हे सिद्ध करायचं काम तुमचं असतं, म्हणून खरेदीखत, जुने फेरफार, ले-आउटची मंजुरी, बिनशेतीचा आदेश, जे काय ट्रंकेत असेल ते सगळं एकदा जमिनीवर पसरून बसा. बिनशेतीबाबत सांगायचं तर जमीन महसूल संहितेत ४२ ब, ४२ क आणि ४२ ड अशी कलमं आल्यापासून विकास आराखड्यात रहिवास झोनमध्ये असलेल्या किंवा गावठाणापासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला पूर्वीसारखी वेगळी बिनशेती परवानगी काढत बसावं लागत नाही, त्यासाठी ठरलेली रक्कम भरायची असते. ती भरलीय का, पावती कुठाय, बघा.

कार्डावर एक कॉलम असतो "सत्ता प्रकार", तो कोण वाचत नाही. तिथं "ब" असेल तर जागेवर शासनाच्या अटी आहेत असं समजा आणि आधी जिल्हाधिकारी कार्यालयाची पायरी चढा. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ असेल तरी तेच. आणि आपल्या जिल्ह्यात देवस्थान इनामाच्या, म्हणजे देवळांना इनाम दिलेल्या जमिनी भरपूर आहेत, कुणीतरी गुंठा गुंठा करून विकलेल्या असतात, घेणाऱ्याला माहितीच नसतं. अशी जागा असेल तर प्लॅनवर एक रुपयाही खर्च करायच्या आधी वकिलाला कागद दाखवा. तुकड्यातली गुंठेवारीची (मंजुरीशिवाय गुंठा गुंठा पाडून विकलेली) जागा असेल तर २००१ चा गुंठेवारी कायदा आहे, त्याची मुदत आता ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना आणि प्लॉटना लागू झालीय, तिथं आधी नियमितीकरण आणि मग परवाना.

नावाचा विषय मी जरा सविस्तर सांगतो कारण आमचं तिथंच अडकलं. आजोबा वारले तेव्हा वारस नोंदच केली नव्हती. नोंद करायची म्हणजे वडील, काका आणि दोन्ही आत्या अशी चार नावं लागणार. थोरली आत्ती म्हणाली, "मला काय नको बाबा, माझी सही पाहिजे तर घे, पण मला आधी सांगितलं का नाहीस?" खरंच होतं तिचं. सही नुसती कागदावर घेऊन चालत नाही, हक्कसोडपत्र नोंदणीकृत लागतं, दुय्यम निबंधक कार्यालयात सगळ्यांनी हजर राहावं लागतं, धाकटी आत्ती पुण्याला असती त्यामुळे तिची तारीख जुळवण्यातच महिना गेला. आणि एक मनापासून सांगतो, बहिणीकडून हक्कसोड मागायच्या आधी तिच्या घरी जाऊन बसा, प्लॅन दाखवा, तिला खरंच सोडायचं आहे का ते विचारा. तिचा हक्क आहे तो. हिस्सा हवा असेल तर तो देऊन पुढे जा, अडवून किंवा लाजवून घेतलेली सही पुढं कोर्टात जाते आणि मग अर्धवट कॉलम उभे राहतात वर्षानुवर्षं. सगळ्यांची नावं कार्डावर ठेवूनच बांधायचं असेल तर सगळ्यांची संमती अर्जाला जोडा, तेही चालतंय.

आता क्षेत्र. खरेदीखतात एक, कार्डावर दुसरं आणि जागेवर टेप लावला की तिसरं, हे पेठांमधे तर घरोघरी आहे. आमचा पहिला प्लॅन ज्यांनी काढला त्यांनी जागेवर माप घेतलंच नव्हतं, खरेदीखतातला आकडा उचलून टाकला, आणि फाईल परत आली. नियम साधा आहे, जे सगळ्यात कमी भरेल ते धरलं जाणार असं समजून चाला. भूमि अभिलेखकडं मोजणीचा अर्ज करा, शेजाऱ्यांना नोटिसा जातात, मोजणी झाली की "क" प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, घ्या. मोजणीच्या दिवशी घरातलं कर्तं माणूस जागेवर पाहिजे, आणि शेजारच्या काकांना आदल्या दिवशी तोंडानं सांगा, नुसती नोटीस हातात पडली की माणूस बिथरतो. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेसारख्या ठिकाणी भिंती सामाईक असतात, ती भिंत कुणाची, तुळई कुणाची त्यात घुसलीय, हे पाडकाम सुरू व्हायच्या आधी लिहून दोघांच्या सह्या घ्या आणि भिंतीचे सगळ्या बाजूनं फोटो काढून ठेवा, तारखेसकट.

क्षेत्राचा आणखी एक मुद्दा. राज्यात डिसेंबर २०२० पासून मुंबई सोडून बहुतेक शहरांना एकच विकास नियंत्रण नियमावली लागू झाली, सगळे तिला यूडीसीपीआर म्हणतात. त्यात छोट्या प्लॉटना सोय आहे, १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर घर असेल तर नकाशा आणि कागद दाखल करून शुल्क भरल्याची पावती हीच परवानगी धरतात, आणि १५० ते ३०० पर्यंत परवानाधारक तज्ज्ञाच्या दाखल्यावर दहा दिवसात. पण आपण बोलतो गुंठ्यात. एक गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर, म्हणजे बरोबर दीड गुंठ्याचा प्लॉट १५१.७६ भरतो, आणि तीन गुंठ्याचा ३०३.५. दोन्ही मर्यादेच्या जरासे बाहेर! म्हणून "आपला दीड गुंठाच आहे, काय लागत नाही" असं म्हणून कामाला लागू नका, कार्डावरचा चौरस मीटरचा आकडा बघा. आणि सोय आहे म्हणजे नियम माफ नाहीत, सामासिक अंतर, म्हणजे घराभोवतीची मोकळी जागा, सोडायचंच आहे, मजले मर्यादेतच पाहिजेत, चुकलं तर जबाबदारी मालकाची आणि सही करणाऱ्याची.

कागद जुळले की झोन दाखला आणि भाग नकाशा काढा, तुमच्या जागेवरून विकास आराखड्यातला रस्ता जातोय का, आरक्षण आहे का, ते त्यात दिसतं. रस्ता रुंदीकरणात चार फूट जाणार असतील तर ते आत्ताच कळू दे.

आणि पूररेषा. हा विषय कोल्हापुरात कुणी टाळू नये असं मला वाटतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे इथं शाळेतल्या पोराला पण पाठ आहे, पण प्लॉट घेताना कोण विचारत नाही. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतल्या. नदी ते निळी रेषा यामधे नवीन घराला परवानगी नाही. निळी ते लाल यामधे अटी आहेत, जोतं लाल रेषेच्या पातळीच्या किमान ०.४५ मीटर वर ठेवावं लागतं. रमणमळा, नागाळा पार्क, दुधाळी, सुतारवाडा, कदमवाडी, शाहूपुरीची कुंभार गल्ली, या भागात असाल तर जागा कुठल्या रेषेत येते ते जलसंपदा विभागाच्या नकाशावरून लेखी घ्या. आमच्या गल्लीत २००५ ला आलं, २०१९ ला आलं, २०२१ ला परत आलं. २०१९ ला आई-वडलांना बोटीतून काढलंय मी, त्यामुळे जोतं वाढवायला जो खर्च आला त्याबद्दल घरात कोण एक शब्द बोललं नाही. मीटर, इन्व्हर्टर, पाण्याची मोटर हे सगळं वरच्या मजल्यावर घ्यायचं प्लॅनमधेच दाखवून टाका.

उजळाईवाडी, गोकुळ शिरगाव बाजूला विमानतळामुळे उंचीची मर्यादा तपासावी लागते. अंबाबाई मंदिराच्या आसपास किंवा जुना वाडा असेल तर तो हेरिटेज यादीत आहे का ते विचारा. जागेत झाड असेल तर तोडायला वेगळी परवानगी, १९७५ चा कायदा आहे, रात्रीत कुऱ्हाड चालवू नका.

नुसती डागडुजी असेल तर एवढं सगळं लागत नाही. गिलावा, रंग, फरशी, दारं-खिडक्या बदलणं, आहे त्याच उंचीवर कौलं बदलणं, याला परवाना नाही. पण कौलं काढून स्लॅब टाकायचा, वर खोली चढवायची, परड्यात बाथरूम वाढवायचं, गॅलरी पुढं काढायची किंवा भार घेणारी भिंत पाडून हॉल मोठा करायचा, तर परवाना लागतोच. मातीच्या भिंतीवर स्लॅब टाकायला मिस्त्री "होतंय की" म्हणेल, त्याचं ऐकू नका, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

माणूस निवडताना आर्किटेक्टची वास्तुविशारद परिषदेची नोंदणी किंवा इंजिनिअरचा परवाना चालू तारखेचा आहे का ते बघा. प्लॅन आता ऑनलाईन दाखल होतो, ड्रॉईंग सिस्टीम तपासते, त्यामुळे ज्यांनी आधी अशा फायली केल्यात त्यांच्याकडंच जा. लॉगिन, अर्ज क्रमांक आणि प्रत्येक चलन तुमच्याकडं पाहिजे, मोबाईल नंबर तुमचाच द्या, नाहीतर त्रुटीचा मेसेज दुसऱ्याच्या फोनवर पडून राहतो. १९६६ च्या नगररचना कायद्यात निर्णयाला ६० दिवस आहेत, पण त्रुटी काढली की तुमचं उत्तर जाईपर्यंत ते दिवस धरत नाहीत, म्हणून त्रुटीला त्याच आठवड्यात उत्तर द्या.

पैशाचं म्हणाल तर छाननी शुल्क, विकास शुल्क, जादा एफएसआय (प्लॉटच्या प्रमाणात जेवढं बांधता येतं ते क्षेत्र) घेतला तर त्याचं प्रीमियम, आणि कामगार कल्याण उपकर एक टक्का, स्वतःला राहायचं घर ठरलेल्या खर्चाच्या आत होत असेल तर हा उपकर नाही, ती मर्यादा आत्ता किती आहे ते विचारून घ्या. घरफाळा आणि पाणीपट्टीची थकबाकी आधी भरून टाका. अर्ज पावसाळ्यात करा, दसरा-दिवाळीला पाडकाम, म्हणजे मृगाच्या आत वरचा स्लॅब पडतो.

परवाना हातात आला की तो एक वर्षाचा असतो, दरवर्षी वाढवून एकूण चार वर्षं, तारीख कॅलेंडरवर लिहा. जोतं झालं की थांबा, जोत्याचा दाखला घ्या, मगच वर चढा. मधेच खिडकी सरकवली, जिना फिरवला, तर सुधारित प्लॅन लगेच टाका, शेवटी एकदम करू म्हटलं की भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे घर वापरायला मंजुरीचा दाखला, अडतं. ते प्रमाणपत्र मिळालं की त्याची एक प्रत घरफाळा विभागात, एक बँकेत, एक महावितरणला, आणि मूळ कागद घरातल्या सगळ्यात उंच कपाटात, प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून.