मँडरिन माशाला विलग ठेवताना या चुका टाळा

खाऱ्या पाण्याची टाकी खानदेशात सांभाळणे अवघड आहे, हे मी मान्य करतो. समुद्र दूर, बोअरचे पाणी जड, मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशीकडे झुकलेला, आणि मासा येतो तो मुंबईहून रात्रीच्या गाडीने. तरीही या भागातील ओळखीच्या टाक्यांमध्ये दगावलेले जे मँडरिन मासे मी पाहिले, त्यांतील बहुतेक भुकेने मेले होते, आणि तेही त्यांना रोगापासून वाचवण्यासाठी मुद्दाम मांडलेल्या वेगळ्या टाकीत.

सहा-सात सेंटीमीटरचा हा मासा पश्चिम पॅसिफिकमधील प्रवाळांच्या आडोशाला राहतो आणि खडकावर रांगणारे कोपेपॉड, म्हणजे जेमतेम ठिपक्याएवढे दिसणारे कवचधारी जीव, दिवसभर एकेक करून टिपतो. पाण्यात पसरलेल्या खाद्यावर इतर मासे तुटून पडतात, तसे करणे त्याच्या स्वभावात नाही. त्यामुळे ‘भूक लागली की मुकाट्याने गोळ्या खाईल’ हा दुकानात हमखास मिळणारा सल्ला त्याच्या बाबतीत सर्वांत घातक ठरतो. समोर पडलेली गोळी हे अन्न आहे, हेच त्याला ओळखता येत नाही, आणि ते शिकण्याइतकी चरबी त्याच्या अंगावर नसते.

चार वर्षांपूर्वी अमळनेरच्या एका तरुणाने असाच मासा आणला. मुलगा अभ्यासू होता. त्याने वेगळी टाकी मांडली होती, तळ मोकळा ठेवला होता, स्पंज फिल्टर चालू होता, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे टाकले होते. नवव्या दिवशी त्याचा फोन आला, “भाऊ, मासा दिवसभर काचेवर चोच मारतो, म्हणजे खातो आहेच ना?” मी दुसऱ्या दिवशी सुरत मार्गावरील गाडीने अमळनेरला गेलो. मासा खरोखरच टिपत होता. डोळा फिरवून काचेवरील एका जागी क्षणभर रोखून पाहायचा, नळीसारखे तोंड पुढे काढायचा आणि टिपायचा. पण ती काच इतकी स्वच्छ होती की टिपण्याजोगे तिथे काहीच नव्हते. वरून पाहिल्यावर डोके अंगापेक्षा रुंद दिसत होते, आणि बाजूने पाहिले तर छातीच्या पराच्या मागे पोट आत ओढले गेले होते. पाइपच्या तोंडाशी आठवडाभराच्या गोळ्या पांढरी साय धरून पडल्या होत्या. मी सोबत बाटलीतून नेलेली आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातील कोळंबीसारख्या बारीक जीवाची, पिल्ले सोडली. माशाने चार टिपली, पाचव्याकडे नुसते पाहिले आणि पाइपमध्ये जाऊन बसला. तिसऱ्या दिवशी तो गेला. त्या मुलाने कसलाही आळस केला नव्हता. त्याने फक्त मासा आधी आणला आणि खाद्याचा विचार नंतर केला.

म्हणून माझा नियम असा आहे की, कोपेपॉडच्या बाटल्या तीन-चार आठवडे जोमाने वाढत असल्याशिवाय मँडरिनची मागणी नोंदवायची नाही. खारे पाणी, वरून हळू हवा, आणि पाण्याला फिकट हिरवी झाक राहील इतके सूक्ष्म शेवाळ एवढ्यावर त्या चालतात. एका बाटलीतील सगळे जीव कधीही मरू शकतात, म्हणून मी तीन ठेवतो आणि त्या वेगवेगळ्या खोल्यांत ठेवतो. एवढा धीर ज्याला धरवत नाही, त्याने क्लाउनफिश पाळावा. तोही सुंदर असतो आणि पहिल्या आठवड्यात गोळ्या खाऊ लागतो.

कोपेपॉडच्या जोडीला रोज ताजा आर्टेमिया हवा. त्याची अंडी २६ ते २८ अंश सेल्सिअस तापमानात, उजेडात आणि सतत हवा देऊन सुमारे २४ तासांत फुटतात. आपल्याकडे एप्रिलनंतर खोलीच मुळी याहून बरीच तापलेली असते, त्यामुळे बाटली पाण्याच्या टबात उभी करून टब घरातील सर्वांत गार कोपऱ्यात ठेवावा लागतो. जानेवारीच्या थंडीत हेच काम हीटरवर येते. पिल्ले निघाल्यावर हवा बंद करून तळाशी विजेरी धरावी. टरफले वर तरंगतात, पिल्ले उजेडाकडे गोळा होतात, आणि बारीक नळीने ती सुती कापडावर काढून घेता येतात. टरफले माशाच्या पोटात जाऊ देऊ नयेत. पिल्लांमधील पोषण त्यांच्या पोटातील बलकात असते आणि तासातासाने ते संपत जाते. सकाळी काढलेली पिल्ले रात्री घालणारे लोक माशाला जवळजवळ रिकामी कवचे खाऊ घालत असतात.

मी दिवसातून पाच वेळा थोडे थोडे खाद्य देतो. त्यासाठी मासा पहिले काही दिवस टाकीतच लटकवलेल्या पारदर्शक, छिद्रांच्या डब्यात ठेवतो, म्हणजे अन्न त्याच्या नजरेसमोर राहते आणि त्याने किती खाल्ले ते मोजता येते. जिवंत आर्टेमिया तो न बिचकता घेऊ लागला की त्यात बारीक चिरलेला गोठवलेला मायसिस, म्हणजे कोळंबीसारखाच आणखी एक छोटा जीव, मिसळायचा, आणि पुढच्या आठवड्यांत जिवंत अन्नाचा वाटा हळूहळू कमी करायचा. कोणी हे चार दिवसांत उरकल्याचे सांगितले, तर मी त्या माशाचे पोट पाहिल्याशिवाय विश्वास ठेवत नाही.

दुसरी मोठी चूक तांब्याच्या औषधाची. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन, येऊ नये म्हणून अनेक जण नवीन मासा येताच टाकीत तांबे ओततात. इतर अनेक माशांच्या बाबतीत मापात दिलेले तांबे उपयोगी असते, हे खरे आहे. परंतु मँडरिनला ते सोसत नाही आणि कोपेपॉडसारख्या कवचधारी जीवांना तर ते मारतेच, त्यामुळे औषधाबरोबर माशाचे ताटही उचलले जाते. काही जण याच्या उलट टोकाला जातात. या माशाच्या अंगावर खवल्यांऐवजी जाड बुळबुळीत थर असतो, ठिपके क्वचितच दिसतात, म्हणून त्याला विलग ठेवण्याची गरजच नाही असे ते मानतात. ठिपके दिसले नाहीत तरी परजीवी टाकीत येतात, आणि मग मोठ्या टाकीतील सर्जनफिशसारखा दुसरा मासा आधी दगावतो.

मला संशय आला तर मी टाकी बदलण्याची रीत वापरतो. या परजीवीची माशावरील अवस्था काही दिवसांत संपते आणि तो तळाशी पडून कोषात जातो. त्या कोषातून नवी पिल्ले बाहेर पडण्याच्या आत मासा आधी पूर्णपणे कोरडी करून मग ताज्या खाऱ्या पाण्याने भरलेल्या दुसऱ्या टाकीत न्यायचा; दर ७२ तासांनी एकदा, असे चार वेळा. दोन स्वस्त टाक्या आणि त्यांच्या साहित्याचे दोन संच यांवर हे भागते. या काळात कोपेपॉड टिकत नाहीत, म्हणून सगळा भार आर्टेमियावर येतो, आणि मासा डब्यात खायला लागल्याशिवाय मी हे सुरू करत नाही. मखमली रोगावर, म्हणजे अमिलूडिनियम या दुसऱ्या परजीवीच्या रोगावर, मात्र ही रीत पुरत नाही.

प्रवासातून आलेल्या पिशवीबद्दल एक गोष्ट निक्षून सांगतो. पिशवीत माशाच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो, पाण्याचा सामू उतरतो, आणि त्यामुळे साठलेला अमोनिया कमी विषारी रूपात राहतो. पिशवी उघडताच वायू निघून जातो, सामू चढतो आणि तोच अमोनिया माशाला जाळू लागतो. म्हणून पिशवी उघडून दोन तास थेंब थेंब पाणी घालत बसू नये. विक्रेत्याला त्याच्या पाण्याची घनता, म्हणजे खारेपणाचे माप, आधी विचारून आपली टाकी त्याच मापाला आणावी, बंद पिशवी तरंगवून तापमान जुळवावे, आणि मग मासा ताबडतोब सोडावा. घनता १.०२५ पर्यंत नेण्याचे काम पुढच्या काही दिवसांत सावकाश करता येते. पिशवीतील पाणी टाकीत ओतू नये.

उन्हाळ्यात पाण्यावर पंखा लावला तर आपल्या कोरड्या हवेत तापमान चांगले उतरते. मुंबईच्या दमट हवेत तेवढा फरक पडत नाही, त्यामुळे तिकडचे सल्ले इथे जसेच्या तसे लावू नयेत. पण त्याच कोरड्या हवेने छोट्या टाकीतील पाणी भराभर उडते, मीठ मागे राहते, आणि दोन दिवसांत घनता चढते. भर नेहमी साध्या आर.ओ. पाण्याची घालावी, खाऱ्या पाण्याची नव्हे. काचेवर मार्करने पातळीची रेघ ओढून ठेवावी.

स्पंज फिल्टर कोरा असेल, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू त्यात वाढलेले नसतील, तर तो काही कामाचा नाही. तो निरोगी टाकीत महिनाभर भिजवून घ्यावा. अमोनिया रोज मोजावा. जाळी, नळी आणि हात दोन्ही टाक्यांत एकाच वेळी वापरू नयेत. कोपेपॉड मिळावेत म्हणून कोणी समुद्रातला प्रवाळखडक आणून देतो म्हणाला तर नकार द्यावा. खडक घडवणारे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि भाजलेल्या मातीच्या तुकड्यांवरही कोपेपॉड चांगले वाढतात.

मोठ्या टाकीत हलवण्याची तारीख मी नुसत्या दिनदर्शिकेवर ठरवत नाही. किमान सहा आठवडे झाले पाहिजेत, आणि त्यातील शेवटचे दोन आठवडे मासा ड्रॉपरच्या टोकावरचा मेलेला मायसिस स्वतः येऊन घेत असला पाहिजे व पोट वरून पाहता भरलेले दिसले पाहिजे. यातील एक गोष्ट जरी कमी असली तरी तो वेगळ्या टाकीतच राहतो. मोठ्या टाकीत कोपेपॉड फस्त करणारा रॅस जातीचा मासा असेल, तर आधी रॅसची दुसरीकडे सोय करतो.