घरी ग्रो लाइट बनवताय? ड्रायव्हर आणि कूलिंगच्या या चुका टाळा

बंद पडलेला ग्रो लाइट, म्हणजे घरात रोपं वाढवायचा दिवा, घेऊन जो येतो, तो आल्याआल्या सांगतो की एलईडी चिप डुप्लिकेट निघाली. उघडून बघितलं की बहुतेक वेळा चिपचा दोष नसतोच. तिला करंट देणारा ड्रायव्हर किंवा ती ज्यावर बसवली तो उष्णता हवेत सोडणारा पात्यांचा हीटसिंक, या दोघांपैकी एकाने तिला मारलेलं असतं. मायक्रोग्रीन्स, लेट्यूस, मिरची-टोमॅटोची रोपं, घरातली ऑर्किड्स यांच्यासाठी स्वतः लाइट बांधणारे आता गावोगाव भेटतात, आणि मला ते मनापासून आवडतं. पण खरेदीचा क्रम सगळ्यांचा एकच: आधी चिप, उरलेल्या पैशांत ड्रायव्हर, आणि हीटसिंक भंगारात मिळेल तो. माझा क्रम नेमका उलटा आहे. किती वॅट उष्णता होणार आणि ती कुठून बाहेर जाणार हे आधी, मग ड्रायव्हर, चिप सगळ्यांत शेवटी.

कॅमेऱ्याचा एसएमपीएस लावणे

सीसीटीव्हीचा किंवा एलईडी पट्टीचा १२, २४ किंवा ३६ व्होल्टचा पत्र्याचा एसएमपीएस, म्हणजे मेन्सची वीज कमी व्होल्टच्या डीसीत बदलणारा डबा, घरात पडलेला असतो. चिपवर ३० ते ३६ व्होल्ट लिहिलेले दिसतात, आणि माणूस सरळ जोडून मोकळा होतो. लाइट लागतो, छान लागतो, आणि म्हणूनच फसायला होतं.

असा एसएमपीएस व्होल्टेज स्थिर ठेवतो. करंट किती जाऊ द्यायचा हे तो ठरवत नाही, ते चिप ठरवते. एलईडी तापली की तिचा फॉरवर्ड व्होल्टेज, म्हणजे ती पेटायला लागणारा व्होल्टेज, उतरतो, म्हणजे त्याच व्होल्टेजला ती आधीपेक्षा जास्त करंट ओढते. जास्त करंटने आणखी तापते, तापली की आणखी ओढते. मोठ्या चिपमध्ये एक-दोन व्होल्टच्या फरकात करंट दीडपट-दुप्पट होतो. ३६ व्होल्टचा सप्लाय ३४ वर सेट करून दिवस ढकलणारे मी पाहिलेत. हिवाळ्यात चालतं, एप्रिलमध्ये चिप जाते.

उपाय एकच: कॉन्स्टंट करंट ड्रायव्हर, म्हणजे करंट ठरलेला ठेवणारा. घेताना त्यावरचे दोन आकडे वाचायचे, करंट आणि आउटपुट व्होल्टेजची रेंज. उदाहरणार्थ, मीन वेलचा एचएलजी-२४०एच-सी१४०० हा १.४ अँपिअरचा ड्रायव्हर आहे आणि त्याची रेंज ८९ ते १७९ व्होल्ट आहे. त्यावर ३५ व्होल्टच्या चार चिप सिरीजमध्ये जोडल्या की १४० व्होल्ट होतात, अगदी आरामात बसतात. त्याच ड्रायव्हरवर दोनच चिप जोडल्या तर होतात ७० व्होल्ट, म्हणजे खालच्या मर्यादेच्याही खाली. असा ड्रायव्हर नीट स्थिरावेल याचा भरवसा नसतो, लाइट लुकलुकतो, आणि मालक दुकानदाराशी भांडायला जातो.

१४० व्होल्ट डीसी जीव घेऊ शकतो, हेही इथेच सांगतो. पहिलाच लाइट बांधत असाल तर ६० व्होल्टच्या आत राहा. वॅट कमी मिळाले तरी चालतील.

एका ड्रायव्हरवर चिप पॅरललमध्ये जोडणे

ही चूक मला सगळ्यांत जास्त खुपते, कारण ती करणाऱ्याचं गणित कागदावर बरोबर असतं.

मिरजेकडच्या एका ओळखीच्या मुलाने मायक्रोग्रीन्सचं रॅक बांधलं होतं. हुशार मुलगा, सोल्डरिंग स्वच्छ, वायरिंग नीट टाय मारून बांधलेलं. ५० वॅटच्या तीन चिप, प्रत्येकीला दीड अँपिअर, म्हणून साडेचार अँपिअरचा एक कॉन्स्टंट करंट ड्रायव्हर आणून तिन्ही पॅरललमध्ये जोडल्या. तीन ड्रायव्हरचे पैसे वाचले. काही आठवडे काही झालं नाही.

एका रात्री मधल्या चिपचा सोल्डर सुटला. ड्रायव्हरला ते कळायचं काही कारण नव्हतं. साडेचार अँपिअर द्यायचे हे त्याचं काम, ते त्याने चालू ठेवलं. उरलेल्या दोघींना आता सव्वादोन-सव्वादोन अँपिअर जायला लागले. काही तासांत दुसरी जळून तिचं सर्किट तुटलं, आणि सगळे साडेचार अँपिअर तिसऱ्या चिपमधून वाहू लागले. तिचा हीटसिंक एवढा तापला की खालच्या ट्रेवरचं प्लास्टिक वितळून गळायला लागलं. वासाने घरातले जागे झाले म्हणून निभावलं.

सकाळी त्याने मला विचारलं, "दादा, एमसीबी का पडला नाही?" एमसीबी म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा बोर्डावरचा स्विच, त्यामुळे प्रश्न बरोबर होता. ड्रायव्हरने मेन्समधून नेहमीपेक्षा जास्त काही ओढलंच नव्हतं. त्याच्या दृष्टीने सगळं सुरळीत चालू होतं, फक्त तीन ठिकाणी वाटली जाणारी वीज एकाच ठिकाणी खर्च होत होती. एमसीबी असली आग ओळखू शकत नाही.

त्या रॅकवर नंतर आम्ही प्रत्येक चिपला दीड अँपिअरचा वेगळा ड्रायव्हर लावला. पॅरलल करायचंच असेल तर माझी अट अशी की प्रत्येक फांदीत स्वतंत्र फ्यूज हवा, चालू करंटपेक्षा थोडाच जास्त. आणि तो डीसी व्होल्टेजसाठी रेट केलेला हवा. एक चिप गेली की बाकीच्यांचे फ्यूज उडतील आणि लाइट बंद पडेल. रात्री लाइट बंद पडलेला परवडतो.

छोट्या डायोडच्या बोर्डची गोष्ट वेगळी आहे. सॅमसंगच्या एलएम३०१ जातीच्या शेकडो एलईडी एकाच प्लेटवर असतात, सगळ्यांचं तापमान जवळपास सारखं राहतं आणि ड्रायव्हरच्या व्होल्टेजलाही वरची मर्यादा असते. असे सारखे बोर्ड पॅरललमध्ये जोडतात आणि ते वर्षानुवर्षं चालतात. ते पाहून मोठ्या चिपचंही तसंच चालेल असं धरू नका.

"ड्रायव्हर नको" म्हणून विकली जाणारी २३० व्होल्टची चिप

मेन्स थेट जोडायची, ५० वॅट, फुल स्पेक्ट्रम, किंमत नगण्य. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या दुकानापर्यंत सगळीकडे मिळते. झाडांजवळ ती लावू नका, एवढंच माझं म्हणणं आहे. त्या प्लेटवर मेन्सचा व्होल्टेज उघडा असतो आणि त्याच्या नि ॲल्युमिनियमच्या मध्ये इन्सुलेशनचा एक पातळ थर. खाली आपण स्प्रेने पाणी मारतो. शिवाय रात्री लाइनचा व्होल्टेज २५० च्या वर गेला की वरचा सगळा व्होल्टेज त्यावरचे छोटे आयसी उष्णतेत घालवतात, म्हणजे हीटसिंकवर आणखी भार. ज्यांनी आधीच लावली आहे त्यांनी निदान हीटसिंकला पक्कं अर्थिंग करा आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज अर्थमध्ये गळली की पडणारा स्विच, बसवा. आणि मग ती काढायच्या तयारीला लागा.

हीटसिंक डोळ्यांनी मापणे

"एवढा मोठा बसवलाय की!" हे वाक्य ऐकलं की मी पट्टी मागतो.

स्वस्त ५० वॅटची चिप साधारण दोन तृतीयांश वीज उष्णतेत घालवते, म्हणजे ३३ वॅट. पंखा नसेल तर उष्णतेच्या प्रत्येक वॅटला मी हवेला लागणारा १०० चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग धरतो. म्हणजे ३,३०० चौरस सेंटिमीटर हवेत. आता बाजारातला नेहमीचा हीटसिंक घ्या: १० सेंटिमीटर लांब, ४ सेंटिमीटर उंच पात्या, दहा पात्या. दोन्ही बाजू धरून पृष्ठभाग भरतो ८०० चौरस सेंटिमीटर, बूड धरून थोडा जास्त. गरजेचा चौथा हिस्सा. आणि लोक त्यावर १०० वॅटची चिप बसवतात.

दुसरं, हिशोब कोणत्या महिन्यात केला ते बघा. हीटसिंक वॅटमागे एक अंश वाढवत असेल तर ३३ वॅटला ३३ अंश. डिसेंबरात पुण्यात खोली २० अंशांवर असते तेव्हा हीटसिंक ५३ वर थांबेल. मे महिन्यात अकोल्यात किंवा चंद्रपुरात खोलीच ४२ अंशांवर असते, तेव्हा तोच लाइट ७५ वर जातो, आणि चिपच्या आतलं तापमान त्याहून बरंच वर. डिसेंबरात तपासलेला लाइट मी पास धरत नाही.

पात्यांची दिशाही बघा. गरम हवा वर जाते, तिला वाट हवी. पात्या उभ्या किंवा वरच्या दिशेला ठेवा. वर फळी टेकवून हीटसिंक झाकला तर पृष्ठभागाचा हिशोब कागदावरच राहतो.

पंखा लावला की माझ्या हिशोबात पृष्ठभाग साधारण ४० टक्क्यांवर भागतो. पण पंखा हा लाइटमधला सगळ्यांत आधी मरणारा भाग असतो. धूळ, कोकोपीटचा भुगा, दमट हवा यांत स्वस्त स्लीव्ह बेअरिंगचा पंखा जाम होतो आणि कुणाला पत्ता लागत नाही. म्हणून पंख्याच्या प्रत्येक लाइटवर मी केएसडी३०१ जातीचा, ६५ अंशांना तुटणारा नॉर्मली क्लोज्ड (एरवी जोडलेला राहणारा) थर्मल स्विच चिपजवळ स्क्रूने बसवतो आणि ड्रायव्हरच्या फेजमध्ये घालतो. किंमत चहा-वड्याएवढी. हा भाग वगळणाऱ्यांची घाई मला समजत नाही.

मोजताना एक मोठी फसगत होते. इन्फ्रारेड गन चमकत्या ॲल्युमिनियमवर धरली तर ती धडधडीत खोटं सांगते: हात भाजत असतो आणि स्क्रीनवर आकडा साधा दिसतो. ॲल्युमिनियमवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा, तो तापू द्या, मग त्यावर गन धरा. मल्टिमीटरचा थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) असेल तर तोच उत्तम.

थर्मल पेस्टबद्दल: ती फक्त बारीक खाचांतली हवा हटवायला असते. ॲल्युमिनियम उष्णता वाहून नेण्यात साध्या पेस्टच्या पन्नास-शंभरपट पुढे आहे, त्यामुळे जाड थर दिला की तुम्ही मध्ये भिंत उभी करता. मी जुन्या एटीएम कार्डाने पातळ ओढतो, चिप ठेवून जरा फिरवतो आणि चारही स्क्रू तिरक्या क्रमाने थोडे थोडे आवळतो. फेविक्विकने चिकटवलेली चिप दुरुस्तीला आणू नका.

ज्यांना एक ओळ पुरे

ड्रायव्हर हीटसिंकच्या डोक्यावर बांधू नका. आतल्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंशांना साधारण निम्मं होतं.

ड्रायव्हर चालू ठेवून चिप जोडू नका. रिकाम्या आउटपुटवर चढलेला व्होल्टेज क्षणात चिपमध्ये शिरतो.

पंख्याचा रेग्युलेटर लावून लाइट मंद करू नका. मंद करता येणारा ड्रायव्हर घ्या. एचएलजीच्या बी प्रकाराला १०० किलोओहमचा पॉट, म्हणजे फिरवायचा रेझिस्टर, पुरतो.

१०० वॅटची चिप १०० वॅटवर पळवू नका. निम्म्या करंटवर ती प्रत्येक वॅटला जास्त प्रकाश देते आणि कमी तापते. मायक्रोग्रीन्सना १०० ते २०० मायक्रोमोल (रोपांना मिळणाऱ्या प्रकाशाचं माप) बहुधा पुरतात, त्यांना सूर्य द्यायची गरज नाही.

खेड्यात न्यूट्रल तुटला की घरात ४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतात. ओव्हर-व्होल्टेज प्रोटेक्टर आधी बसवा. बिनलेबलचा ड्रायव्हर घेऊ नका, त्यावर आयएस १५८८५ हे भारतीय मानक आणि बीआयएसचा आर-नंबर (नोंदणी क्रमांक) बघा.

लक्षणावरून दोष

सेकंदा-दोन सेकंदाला लुकलुकतो: चिपचा एकूण व्होल्टेज ड्रायव्हरच्या रेंजबाहेर आहे. जोडून मोजा, लेबलवर विसंबू नका.

तासाभराने बंद पडतो आणि थंड झाला की परत लागतो: थर्मल स्विच किंवा ड्रायव्हरचं स्वतःचं संरक्षण काम करतंय. स्विच काढून टाकणारे लोक मला भेटले आहेत. कृपा करून पंखा तपासा.

बटण बंद केल्यावरही अंधुक उजळतो: स्विच न्यूट्रलमध्ये बसलाय. टेस्टरने बघा आणि फेजमध्ये घ्या.

चालू करताना एमसीबी पडतो, नंतर चालतो: मोठे ड्रायव्हर सुरू होताना क्षणभर पन्नास अँपिअरच्या वर खेचतात. सी-कर्व्हचा, म्हणजे क्षणभराचा झटका सोसणारा एमसीबी घ्या किंवा ड्रायव्हर थोड्या अंतराने सुरू करा.

आरसीसीबी अधूनमधून पडतो: प्रत्येक ड्रायव्हरच्या फिल्टरमधून थोडी गळती अर्थमध्ये जाते आणि अनेक ड्रायव्हरची मिळून ती साठते. ड्रायव्हर दोन आरसीसीबींवर वाटा. एकाच ड्रायव्हरवर पडत असेल तर मात्र वाटणी करत बसू नका. आधी ओलावा शोधा, केबल ड्रायव्हरमध्ये शिरण्याआधी खाली लोंबती ठेवली आहे का बघा. नसेल तर तिथूनच पाणी आत उतरतं.

नवा लाइट मी झाडं न ठेवता, दुपारच्या उन्हाच्या वेळी, खोलीची दारं-खिडक्या लावून चार-पाच तास चालवतो आणि दर अर्ध्या तासाने टेपवरचं तापमान पाटीवर लिहितो. आकडा चढायचा थांबला आणि ६० च्या आत थांबला, तरच ट्रे खाली सरकवतो.