प्रमाणपत्रावर कॉर्सिव्हात इंग्रजी नाव कसं बसवावं

प्रमाणपत्रावर इंग्रजी नाव टाकायचं म्हटलं की डीटीपीवाल्याचा हात मोनोटाइप कॉर्सिव्हाकडे जातो, आणि ते योग्यच आहे. पॅट्रिशिया सॉन्डर्स यांनी १९९१ साली हा फॉन्ट केला तो लुडोव्हिको अरीगीच्या वळणावरून. अरीगी सोळाव्या शतकात पोपच्या कचेरीत लेखनिक होता. चपट्या निबाचं जाड-बारीक, उजवीकडे किंचित कललेलं ते अक्षर मानाच्या कागदावर शोभतं.

याची छोटी अक्षरं बुटकी असतात. बाजूला टाइम्स फॉन्ट १२ पॉइंट असेल तर याला १४-१५ द्या. बोल्ड आणि इटॅलिकच्या बटणांना हात लावू नका, अक्षर मुळातच तिरकं आहे.

पूर्ण नाव कॅपिटलमध्ये? कधीच नाही, गिऱ्हाईक अडून बसलं तरीही. व्हेनिसमध्ये १५०१ साली मुद्रक आल्डुस मानुटियसने इटॅलिक, म्हणजे तिरक्या, टाइपात पहिलं पूर्ण पुस्तक छापलं, तेव्हा तिरकी होती ती फक्त छोटी अक्षरं, कॅपिटल सरळच होती. कॉर्सिव्हाचं झोकदार कॅपिटल शब्दाच्या तोंडाशी एकदाच यावं असं घडवलेलं आहे. दहा एका ओळीत लावली की नाव वाचताच येत नाही.

आता खरी अडचण: कॅपिटल आणि पुढच्या अक्षरातली फट. ‘वैशाली’ घ्या. इंग्रजी व्हीचा उजवा हात वर बाहेर झुकतो, शेजारचा ए खाली बसतो आणि मध्ये पांढरी खाच पडते. व्ही एकीकडे, ‘ऐशाली’ दुसरीकडे. टी, डब्ल्यू, वाय यांचंही तेच. ही फट काढायला मी कित्येक महिने पूर्ण नावातल्या अक्षरांमधलं अंतर कमी करत होतो. तसं अजिबात करू नका. तिरक्या अक्षरात आय, एन, एम, यू यांच्या उभ्या रेघा सारख्याच दिसतात. त्या दाबल्या की ‘मनीषा’चं कुंपण होतं. एका शाळेची शंभरावर प्रमाणपत्रं मला याच चुकीपायी पुन्हा छापावी लागली, स्वतःच्या खर्चाने.

छोट्या अक्षरांना हलवायचंच नाही. एनच्या दोन पायांमधली पांढरी जागा हे तुमचं माप. कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये एफ१० दाबून शेप टूल घ्या, कॅपिटलनंतरच्या सगळ्या अक्षरांखालचे चौकोन एकत्र निवडा आणि डावीकडे सरकवा. फटीतलं पांढरं त्या मापाइतकं वाटलं की थांबा. अंतर पट्टीने मोजू नका, ते डोळ्यानेच ठरतं. मग नाव उलटं फिरवून बघा. वाचता येईनासं झालं की फटी लगेच दिसतात. वर्डमध्ये काम असेल तर फॉन्टच्या ॲडव्हान्स्ड टॅबमधलं कर्निंग (अक्षरजोड्यांमधली फट आपोआप जुळवणं) आधी चालू आहे का बघा, ते बंद असू शकतं.

दोन ओळी असतील तर वरच्या जीचं शेपूट खालच्या एचला टेकणार नाही एवढी जागा सोडा.

प्रूफ ज्या कागदावर छापायचं त्याच कागदावर काढा, खरखरीत कागदावर बारीक रेषा तुटतात. फाइल देताना कोरलमध्ये कंट्रोल-क्यू करून कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांच्या आकृत्या होतात आणि नाव पुन्हा टाइप करता येत नाही. म्हणून मूळ अक्षरांची एक प्रत वेगळी जपून ठेवा. शेवटच्या दिवशी कुणाचं तरी स्पेलिंग बदलतंच.