संथ लिहिणाऱ्या मुलाचा अभ्यास वेळेत कसा पूर्ण होईल?

आधी मूल नेमकं कुठे अडतं ते पाहा. दोन-तीन दिवस शेजारी बसून नुसतं बघा: वही काढण्यातच 10 मिनिटं जातात, एकेक अक्षर बघून उतरवलं जातं, की लिहिलेलं पुन्हा पुन्हा खोडलं जातं? उपाय त्यावरच ठरतो. "लवकर आटप" म्हटल्याने वेग वाढत नाही, चुका मात्र वाढतात.

एकेक अक्षर उतरवणाऱ्याला तीन-चार शब्द एकदम वाचून, मनात धरून मग लिहायला शिकवा. सारखं खोडणाऱ्याचं खोडरबर बाजूला ठेवा; चुकलं तर एक आडवी रेघ मारायची आणि पुढे जायचं. पेन्सिल धरताना बोटांची टोकं पांढरी पडत असतील तर पकड फार घट्ट आहे, हात दुखूनच वेग मंदावतो. जाड पेन्सिल देऊन बघा.

12 गणितं असतील तर तीनच दिसू द्या, बाकीची कागदाने झाका. ती तपासा, दोन मिनिटं उठू द्या, मग पुढची तीन.

तरीही वेळ पुरत नसेल तर शिक्षकांशी बोलून गणितं निम्मी करून घ्या, पण प्रत्येक प्रकारातलं एक तरी राहू द्या. उरलेलं काम मधल्या सुट्टीत मुळीच करून घेऊ नका. थकलेला हात आणखी संथ चालतो. तोंडी उत्तरं झरझर येतात आणि लिहिताना मात्र अडतं, असं महिनोन्महिने चाललं तर तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या.